चवदार तळे, चंडालिका आणि चित्रपट

महाड शहरालगत, मुंबई-गोवा महामार्गाच्या बाजूच्या डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. तेथील एका ब्राह्मी शिलालेखात कुमार काणभोअ व्हेणुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे. लेणे, चेतियघर, आठ ओवरक म्हणजे निवासाच्या खोल्या, लेण्याकडे जाणारा पथ आणि दोन ‘पोढी’. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत या परिसरात पाणी हा ‘देयधम्म’ होता, दान देण्याजोगा आणि कोरून ठेवण्याजोगा विषय होता. त्याच डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या शहरात २० मार्च १९२७ रोजी सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सहस्रावधी माणसांसह चालत जावे लागले.

हा इतिहास वाचकांस परिचित आहे. मग चित्रपटाविषयीच्या लेखाचा आरंभ येथून कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. उत्तर असे की, उत्तम चित्रपट पाहण्यासाठी लागणारी दृष्टी केवळ महानगरातील चित्रपट-मंडळांत घडते, हा समज बरोबर नाही. ज्याला पाण्याचा इतिहास ठाऊक आहे, त्याला पडद्यावरील पाण्याच्या प्रसंगात नेमके कोठे पाहावयाचे हेही ठाऊक असते. फक्त त्या पाहण्यास थोडी शिस्त लावावी लागते. प्रस्तुत लेखात जगातील व आपल्या देशातील काही मान्यताप्राप्त चित्रपट या एकाच वाटेने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आपल्याकडे चित्रपटाच्या रसास्वादाचे शिक्षण तसे जुने आहे. सत्यजित राय यांनी व त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. तेथील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’चा एकेक प्रसंग उलगडून दाखवीत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकवल्या. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांतून गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेल्या आपल्या माणसांना मात्र या मंडळांची वाट सहसा सापडली नाही. त्यांचे चित्रपटगृह म्हणजे लालबागचे ‘भारतमाता’. ते सिनेमा पुष्कळ पाहत, त्यावर तावातावाने बोलतही असत. परंतु त्या बोलण्याला कोणी रसग्रहण म्हटले नाही.

पाहण्याची शिस्त म्हणजे काय, हे ‘पथेर पांचाली’तील (१९५५) एका लहानशा प्रसंगावरून स्पष्ट होईल. म्हातारी इंदिर ठाकरून आजारी अवस्थेत घरी परतते. ती सर्वजयेकडे पिण्यास पाणी मागते. सर्वजया उठत नाही. तुमचे तुम्ही घ्या, असे सुचवते. म्हातारी उठते, पाणी घेते, पिते आणि लोट्यात उरलेले पाणी अंगणातल्या एका रोपट्याला घालून निघून जाते. पुढे बांबूच्या बनात तिचा अंत होतो. येथे सर्वजया दुष्ट नाही. ती दारिद्र्याने गांजलेली आहे आणि तिची मुले उपाशी आहेत. राय कोणाच्याही तोंडी भाष्य घालत नाहीत. ते पाणी मागणारीला दाखवतात, न उठणारीलाही दाखवतात आणि त्या दोघींमधील अंगण दाखवतात. ‘ही बाई वाईट आहे’ एवढेच म्हणून जो प्रेक्षक थांबतो, त्याने प्रसंग पाहिला नाही. आणि हेही ध्यानात घ्यावे की ब्राह्मण घरातील हे नाकारणे एका दिवसाचे आहे, माणसामाणसातले आहे. त्यामागे शास्त्र उभे नाही. ज्या नाकारण्यामागे शास्त्र उभे असते, ते चित्रपटात कसे दाखवले गेले, हा पुढचा प्रश्न होय.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक जुनी बौद्ध कथा पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या चित्रपटातील पाण्याच्या प्रसंगाचे मूळ तेथे आहे. ही कथा पालि तिपिटकात नाही. ती ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथातील ‘शार्दूलकर्णावदान’ होय. श्रावस्तीजवळ भदंत आनंद तहानलेले असताना विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रकृती नावाच्या मुलीकडे पाणी मागतात. आपण मातंगाची मुलगी असल्याचे ती सांगते. आपण तिचे कूळ वा जात विचारली नसून केवळ पाणी मागितले आहे, अशा आशयाचे उत्तर आनंद देतात. पुढे प्रकृतीचे मन आनंदांवर जडते, तिची आई मंत्रप्रयोग करते, तथागत आनंदांना सोडवतात आणि अखेरीस प्रकृती भिक्षुणी-संघात प्रवेश करते.

सामान्यतः लोकांना कथा येथपर्यंतच ठाऊक असते. परंतु अवदानाचा मोठा भाग यानंतर सुरू होतो. मातंगाची मुलगी संघात घेतली म्हणून श्रावस्तीचे ब्राह्मण व गृहस्थ संतापतात; राजा प्रसेनजित स्वतः येतो. तेव्हा भगवान बुद्ध त्रिशंकू नावाच्या मातंगराजाची पूर्वकथा सांगतात. त्रिशंकू आपला पुत्र शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाच्या कन्येला मागणी घालतो. पुष्करसारी क्रोधाने नाकारतो. मग त्रिशंकू त्याच्याशी वाद करतो. वृक्षांच्या, पशूंच्या जाती भिन्न असतात, त्यांची लक्षणे भिन्न असतात. माणसांत असा भेद कोठे आहे, हा त्याचा मुद्दा आहे. तो वेदांचे व नक्षत्रविद्येचे ज्ञानही दाखवून देतो. अखेर पुष्करसारी निरुत्तर होतो आणि कन्या देतो. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे दोन ओळखीच्या गोष्टी आढळतात. पुष्करसारी म्हणजे ‘दीघनिकाया’तील अम्बट्ठ सुत्तात येणारा उक्कट्ठाचा पोक्खरसाति, आणि त्रिशंकूचा युक्तिवाद वासेट्ठ सुत्तातील युक्तिवादाच्या कुळातला आहे. म्हणजे पाण्याचा प्रसंग ही केवळ प्रस्तावना आहे. अवदानकाराला सांगावयाचे आहे ते हे की मातंग ब्राह्मणाला तर्काने जिंकू शकतो, आणि जिंकतो.

राजेंद्रलाल मित्र यांनी नेपाळातील संस्कृत बौद्ध वाङ्मयाविषयीचा आपला ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध केला. त्यात आलेल्या या कथेच्या सारांशावरून रवींद्रनाथ टागोरांनी १९३३ साली ‘चंडालिका’ हे नाटक लिहिले आणि १९३८ साली त्याचे नृत्यनाट्य केले. रवींद्रनाथांनी प्रकृतीच्या मनात शिरून पाहिले. पाणी मागणाऱ्या एका वाक्याने तिला आपल्या मनुष्यत्वाची जाणीव होते, हा त्यांचा शोध मोठा आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्रिशंकू गेला. प्रसेनजित गेला. वाद गेला. उरली ती तहान, ओढ आणि पश्चात्ताप.

हीच चंडालिका बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) या चित्रपटात येते. सुबोध घोष यांच्या कथेवरील या चित्रपटात नूतन यांनी सुजाताची भूमिका केली आहे. पटकीच्या साथीत आईबाप गेलेली अस्पृश्य मुलगी एका ब्राह्मण अभियंत्याच्या घरी वाढते. घरची मंडळी तिच्यावर माया करतात, पण ‘आमची मुलगी’ म्हणताना अडखळतात. बिमल रॉय यांची कला या अडखळण्यात आहे. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांनी डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) पाहिला आणि त्याचा परिणाम ‘दो बिघा जमीन’वर (१९५३) झाला, हे प्रसिद्ध आहे. मोठ्या संवादापेक्षा चेहऱ्यावरचा क्षण महत्त्वाचा मानावयाचा, ही सवय त्यांना होतीच. ‘सुजाता’त ती पूर्णत्वास गेली. नूतन यांचा अभिनय आजही पाहावा असा आहे.

नावाकडेही लक्ष द्यावे. निदानकथेतील सुजाता ही उरुवेलेच्या सेनानी गृहस्थाची कन्या. बोधीपूर्वी बोधिसत्त्वाला पायस देणारी. चित्रपटातील सुजाताही देणारीच आहे. शेवटी सांभाळ करणारी आई मृत्यूच्या दारी असताना केवळ सुजाताचे रक्त जुळते, ती रक्त देते आणि आईचे मन पालटते. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. आमच्या मते प्रश्न येथेच विचारावयास हवा. रक्त जुळले नसते, तर? त्या मुलीचा घरावरचा हक्क कशाने सिद्ध झाला असता?

याच्या जोडीस ‘अछूत कन्या’ (१९३६) ठेवला म्हणजे हा योगायोग नव्हे हे दिसून येते. बॉम्बे टॉकीजच्या या चित्रपटात देविका राणी व अशोक कुमार आहेत. रेल्वेच्या फाटकावरचा अस्पृश्य राखणदार दुखिया एका ब्राह्मण दुकानदाराच्या अंगात भिनलेले सर्पाचे विष तोंडाने शोषून त्याचे प्राण वाचवतो, तेथून दोन घरांचा स्नेह जुळतो; आणि दुखियाची मुलगी कस्तुरी शेवटी धावती गाडी थांबवून अनर्थ टाळण्याच्या प्रयत्नात प्राण देते. या चित्रपटाचे दिग्दर्शक जर्मन गृहस्थ फ्रान्झ ऑस्टेन आणि कथालेखक निरंजन पाल. त्याच दोघांनी हिमांशु राय यांच्यासह १९२५ साली ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट केला होता. एडविन अर्नोल्ड यांच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्यावर आधारलेल्या त्या मूकपटात हिमांशु राय स्वतः गौतम झाले होते. म्हणजे सिद्धार्थाचा गृहत्याग रंगवणाऱ्या त्याच हातांनी अकरा वर्षांनी अस्पृश्य मुलीची कथा रंगवली. पण राजपुत्राचा त्याग आणि अस्पृश्य मुलीचा त्याग यांना पडद्यावर एकच मोल आले नाही. राजपुत्र त्यागाने बुद्ध होतो. कस्तुरी त्यागाने केवळ स्मारक होते.

विष शोषणे, प्राण देणे, रक्त देणे. आपल्या अनेक चांगल्या चित्रपटांत अस्पृश्य पात्राला माणूस ठरण्यासाठी आधी कोणाचा तरी जीव वाचवावा लागतो. अवदानातील त्रिशंकूला यांपैकी काहीच करावे लागत नाही. तो वाद करतो. आणि महाडला जमलेल्या लोकांनीही कोणाचे प्राण वाचवून पाण्याचा हक्क मिळवला नाही. सी. के. बोले यांचा मुंबई विधिमंडळातील ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला होता, आणि त्या आधारे लोक तळ्यावर गेले. त्यांनी पाणी मागितले नाही, घेतले. एखाद्या चित्रपटात पाणी ‘मिळते’ की ‘घेतले जाते’, एवढे एक क्रियापद प्रेक्षकाने पारखले तरी अर्धे रसग्रहण साधले असे समजावे.

या कसोटीवर सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ (१९८१) वेगळा उतरतो. प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेला हा हिंदी चित्रपट तासाभराहून कमी लांबीचा आहे. ओम पुरी, स्मिता पाटील आणि ब्राह्मणाच्या भूमिकेत आपले पुण्याचे मोहन आगाशे. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी आलेल्या दुखी चांभाराला पंडित लाकडाचा ओंडका फोडावयास लावतो. तापातून उठलेला, उपाशी दुखी कुऱ्हाड चालवत राहतो आणि तेथेच मरतो. वस्तीतले लोक प्रेत उचलण्यास नकार देतात. मूळ कथेत प्रेत विहिरीच्या वाटेवर पडलेले आहे, त्यामुळे ब्राह्मणांचे पाणी अडते. वाचकांनी ही कल्पना डोळ्यांसमोर आणावी: जिवंतपणी ज्याला विहीर बंद होती, त्याने मेल्यावर विहीर बंद केली. शेवटी पंडित स्वतः प्रेताच्या पायात फास अडकवून, स्पर्श न करता, ते ओढत नेतो; आणि परत येऊन त्या जागेवर पवित्र पाणी शिंपडतो.

हे शिंपडणे महाडच्या माणसाला वेगळे दिसते. सत्याग्रहानंतर येथील सनातन्यांनी दूध, दही, शेण व गोमूत्र यांनी भरलेली १०८ मडकी तळ्यात बुडवून मंत्रघोषात तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले होते. राय यांच्या मनात महाड होते असे आम्ही म्हणत नाही. कथा प्रेमचंदांची आहे. परंतु विधी तोच आहे, आणि राय तो कोणत्याही उद्गारावाचून दाखवतात. पंडित राक्षसासारखा वागत नाही, तो नित्यकर्म उरकल्यासारखा वागतो. पाहणाऱ्याला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ती आहे. ‘सुजाता’ पाहून आपण रडतो व हलके होतो. ‘सद्गती’ पाहून हलके होता येत नाही.

येथवर आपल्या देशातील चित्रपटांचा विचार झाला. परक्या देशाचा चित्रपट पाहताना अडचण वेगळी असते, कारण तेथे आपला इतिहास आपणास आयता वाट दाखवीत नाही. परंतु प्रश्न तेच ठेवता येतात. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरु’ (१९५२) घ्या. वस्तीतल्या घाण पाण्याच्या डबक्याचा बंदोबस्त करा, मुलांसाठी बाग करा, असा अर्ज घेऊन काही स्त्रिया नगर कार्यालयात येतात. त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर, त्या खात्यातून या खात्यात फिरवले जाते. तालुक्याच्या कचेरीत ज्याने दाखल्यासाठी खेटे घातले आहेत, त्याला या प्रसंगाचे भाषांतर लागत नाही. पुढे कर्करोगाने मरणार हे कळलेला वातानाबे हा अधिकारी त्या कामाच्या मागे लागतो.

कुरोसावा यांचे धाडस पुढे आहे. वातानाबे कामाला लागतो, आणि लगेचच आपणास त्याच्या मृत्यूनंतरच्या बैठकीत नेले जाते. तसबिरीसमोर बसलेले सहकारी एकेक आठवण सांगतात. श्रेय वरिष्ठांना देऊ पाहतात. मध्येच त्या वस्तीतल्या स्त्रिया येतात, रडतात, धूप वाहून निघून जातात. नायकाचे कार्य आपण त्याच्यासोबत पाहत नाही, साक्षीदारांच्या तोंडून ऐकतो. सुत्तांचा अभ्यास करणाऱ्यास ही रचना परकी वाटू नये. तिपिटकातील सुत्ते ऐकणाऱ्याच्या साक्षीनेच सुरू होतात. साक्षीदार अनेक आणि स्वार्थीही असले, की सत्य कसे चाळून घ्यावे लागते, हे त्या बैठकीत दिसते.

दुसरा जपानी चित्रपट कोन इचिकावा यांचा ‘द बर्मीज हार्प’ (१९५६). युद्ध संपल्यावर ब्रह्मदेशात मागे राहिलेला मिझुशिमा हा जपानी सैनिक भिक्खूचे चीवर चोरून, जीव वाचवण्यासाठी भिक्खूचा वेश घेतो. वाटेत ठिकठिकाणी बेवारस पडलेली प्रेते पाहून तो बदलतो, मायदेशी परतण्याऐवजी मृतांचे दफन करीत तेथेच राहतो. बौद्ध प्रेक्षकाचे मन या चित्रपटाने भारावते, ते योग्यच आहे. विनयाचा अभ्यासक मात्र क्षणभर अडतो. संघाने दीक्षा न देता चोरून वेश घेणाऱ्यास विनयपिटकात ‘थेय्यसंवासक’ म्हटले असून त्याला उपसंपदा देण्यास मनाई आहे. म्हणजे ज्या थेरवादी देशात कथा घडते, तेथल्या नियमाने मिझुशिमाची वाट सरळ नाही. इचिकावा यांना विनयाशी कर्तव्य नाही, त्यांना पराभूत जपानच्या दुःखाशी आहे. म्हणूनच दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. चित्रपट ब्रह्मदेशात घडतो, पण जपानी सैन्याने त्या देशातील लोकांचे काय केले, हे त्यात जवळजवळ नाही. ब्रह्मी माणसे बहुतांशी पार्श्वभूमीला राहतात. करुणेने भरलेल्या चित्रपटातही कोणाचे दुःख चौकटीत आले आणि कोणाचे बाहेर राहिले, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. त्याने चित्रपटाचे मोठेपण उणे होत नाही.

मराठीत नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) हा चौकटीचाच प्रश्न ऐरणीवर येतो. मारलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. कॅमेरा एका जागी राहतो, माणसे चित्रांसमोरून जातात. कोणी काही बोलत नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. इतका वेळ आपण कोणाच्या बाजूस उभे राहून हे पाहत होतो, ते तेव्हा कळते. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. मामुट्टी यांना त्यातील भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो पुन्हा पाहताना महाडच्या प्रसंगाशी थांबावे. बाबासाहेबांच्या ओंजळीनंतर कॅमेरा मागच्या ओंजळींकडे किती वेळ देतो, रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या दासगाव-महाड भागातील कार्यकर्त्यांना कितपत जागा मिळते, हे मोजून पाहावे. आदरापोटी असे प्रश्न टाळण्याचे कारण नाही.

आता थोडे व्यवहाराविषयी. पोलादपूर तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकर, ही स्थिती सर्वांस ठाऊक आहे. चित्रपटगृहाची तर गोष्टच नको. परंतु विहारात प्रक्षेपक व पांढरी भिंत एवढे साहित्य आज अवघड नाही. जयंतीला व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट लावण्याची आपली जुनी प्रथा होती. तिच्यातील उत्साह घ्यावा, संख्या सोडावी. एका वेळी एकच चित्रपट, आणि त्यानंतर किमान तासभर बोलणे. बोलण्याचा आरंभ ‘आवडला का’ या प्रश्नाने न करता, कोणते दृश्य आठवते, ते कोठून दाखवले होते, या प्रश्नाने करावा. वृद्ध उपासिका अशा वेळी जे तपशील सांगतात, ते शिकलेल्यांच्या नजरेतून पुष्कळदा निसटलेले असतात.

जपानी चित्रपटांखालील इंग्रजी अक्षरे सर्वांना वाचता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. त्यावरचा उपाय जपानमध्येच सापडतो. मूकपटांच्या काळात तेथे ‘बेन्शी’ नावाचे निवेदक पडद्याशेजारी बसून सर्व पात्रांचे संवाद व कथा सांगत; कुरोसावा यांचे थोरले बंधू हेइगो हे असेच बेन्शी होते. गावातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाने वा मुलीने चित्रपट आधी दोनदा पाहून, मराठीत टिपणे काढून हे काम करावे. ‘इकिरु’ जवळजवळ अडीच तासांचा आहे, त्यामुळे मध्यंतर ठेवावे, आणि ते वातानाबेच्या मृत्यूनंतरची बैठक सुरू होण्याच्या आधी ठेवावे. पहिल्या दिवसासाठी मात्र ‘सद्गती’ सोयीचा. तो हिंदीत आहे, लहान आहे, आणि त्यानंतरच्या चर्चेला रात्र पुरते.